तिसरा रकाना

२ जानेवारी, पहाटे ५.००
(घड्याळात ६.४० झालेत, पण संकल्प पाचचा होता म्हणून पाच लिहितो.)
ठरलं. वकिलांच्या ऑफिसात हेडक्लार्क म्हणून उमेदीची वर्षं गेली. अर्ज मी लिहायचे, तारखा मी लक्षात ठेवायच्या, अशील रडायला लागलं की पाण्याचा ग्लास मी पुढे करायचा, आणि शेवटी सही ठोकून भाव खायचा साहेबांनी नाहीतर मॅडमनी. पुरे झालं. यंदा लॉ कॉलेजची प्रवेशपरीक्षा देणार. वयाची अट नाही, नियम वाचून खात्री केली. पदवी आहे. माळ्यावर कुठेतरी आहे. शोधणे.

३ जानेवारी, सकाळी
बायकोला बातमी दिली. ती औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळते, त्यामुळे कुणी कसलाही आजार सांगितला तरी तिच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही. म्हणाली, द्या की परीक्षा, पण हातची नोकरी सोडायची नाही. मी म्हटलं, अगं मी सोडतो म्हटलं तरी ते सोडतील का मला?
घराची वाटणी केली. हॉल: मी. स्वयंपाकघर: बायको आणि कन्या. टीव्ही: बंद. कन्येचीही यंदा शाळेची मोठी परीक्षा आहे. तिने विचारलं, बाबा, मी भूगोल ओट्यावर करू का? म्हटलं, थोर माणसं रस्त्याच्या दिव्याखाली शिकली. ती म्हणाली, रस्त्यावर दिवा आहे, स्वयंपाकघरातला गेलाय. बदलणे.

९ जानेवारी
क्लासला नाव घातलं. वर्गात पाऊल टाकलं तर सगळी पोरं उठून उभी राहिली. मी हाताने बसा अशी खूण केली. फार बरं वाटलं. मग खरे सर आले आणि मला शेवटच्या बाकावर जागा मिळाली.
परीक्षेचे भाग चार. वाचन, भाषा आणि कायद्याची जाण हा माझ्या डाव्या हातचा मळ. चौथा भाग तर्काचा, म्हणजे माणसांचे गट पाडायची कोडी. अमुक माणसं, तमुक खुर्च्या, कोण कुणाबरोबर बसेल, कोण बसणार नाही, एवढंच. हे तर मी लग्नात जेवणाच्या पंगतीलाही केलंय.

१६ जानेवारी
पहिलं कोडं. सात पाहुणे, दोन टेबलं, एकेका टेबलाला तीन खुर्च्या. डॉक्टर आणि सुतार एकत्र नकोत, शिक्षिका असेल तिथे माळी हवाच, वगैरे. बाकीचे पेन्सिली चावत होते तोवर मी सगळ्यांना बसवून मोकळा. सरांनी कागद पाहिला आणि विचारलं, सातवा कुठे गेला? म्हटलं, उशिरा येतोय. वर्ग खो खो हसला. माझी विनोदबुद्धी पोरांना आवडते असं दिसतं.
सरांचं म्हणणं असं की कागदावर आधी तीन रकाने आखायचे: पहिलं टेबल, दुसरं टेबल आणि 'बाहेर'. माणसं जास्त आणि खुर्च्या कमी असल्या की कुणीतरी उरणारच. तो कोण, हे आधी शोधा, बाकीचे आपोआप बसतात. मी तिसरा रकाना आखला नाही. ज्याला कुणी घेतलंच नाही त्याच्यावर डोकं कशाला शिणवायचं?

२३ जानेवारी
आज 'मोकळा गडी' शिकवला. कोड्यात असा एकजण असतो की ज्याच्यावर एकही अट नाही. त्याचं कुणाशी वाकडं नाही, कुणावाचून अडत नाही, तो कुठल्याही गटात चालतो. मला हा गडी एकदम आवडला. ऑफिसात माझं अगदी तेच आहे. साहेबांनाही चालतो, मॅडमनाही चालतो. सर मोकळ्या गड्याबद्दल पुढेही काही सांगत होते, तो सगळ्यात शेवटी बसतो असं काहीतरी, पण माझ्या पेनातली शाई संपली.

३० जानेवारी
सरांशी वाद. ते म्हणतात, पाऊस पडला की रस्ता ओला होतो, पण रस्ता ओला दिसला म्हणून पाऊस पडलाच असं म्हणता येत नाही. अट उलटी करून वापरायची नाही. मी विचारलं, मग रस्ता ओला कसा झाला? म्हणाले, पाण्याचा टँकर फुटला असेल. आता प्रश्नात टँकरचं नावसुद्धा नाही. मी तसं बोलून दाखवलं. सर म्हणाले, तुम्ही ऑफिसात काम करता ना, मग संध्याकाळी दमून येत असाल. समजूतदार माणूस आहे, पण विषयाची पकड कमी.

५ फेब्रुवारी
सरावपरीक्षा. तर्कात वीसपैकी तीन.
कारणं: १) पेन्सिल बोथट. २) शेजारचा मुलगा नाकाने श्वास घेत होता. ३) तिन्ही बरोबर उत्तरं मी अंदाजाने दिली होती, म्हणजे विचार केल्यानेच नुकसान होतंय.
संकल्प: जास्त विचार न करणे.

११ फेब्रुवारी
ऑफिसात धरणीकंप. आमचे साहेब आणि मॅडम नवरा-बायको. दोघंही वकील, दोघंही घटस्फोटाचेच खटले लढवतात, आणि आजवर शेकडो जोडपी त्यांनी सुबकपणे वेगळी केली आहेत. आता ते स्वतःच वेगळे होताहेत. ऑफिससुद्धा मोडणार, दोघं दोन वेगळ्या जागा घेणार.
वाटाघाटी एका पार्टिशनच्या दोन बाजूंनी चालतात, निरोप्या मी. कपाटं, पंखे आणि पुस्तकांचं ठरलं. विजेच्या किटलीवर गाडी अडली आहे. साहेब म्हणतात, तिला सांगा किटली मी आणली. मॅडम म्हणतात, त्यांना सांगा, धुतली कुणी? दिवसभरात असे बरेच हेलपाटे झाले. एकूण माझ्यावाचून दोघांचंही पान हलत नाही.

१५ फेब्रुवारी
दार बंद करून साहेबांचा काळा कोट घालून पाहिला. ड्रायव्हर किल्ल्या न्यायला आत आला. म्हणाला, खांद्यात ढगळ होतोय हो तुम्हाला. त्याला बजावलं की कुणाला सांगू नकोस. दुपारी ज्युनियर वकिलाने मला माय लॉर्ड म्हणून हाक मारली.

१८ फेब्रुवारी
सगळ्या ऑफिसला सांगून टाकलं की जूनपासून मी लॉ कॉलेजला. परीक्षा म्हणजे नुसता उपचार. टायपिस्टबाई म्हणाल्या, हो का, छान. बोटं थांबवली नाहीत. ज्युनियर म्हणाला, जाणार म्हणजे जाणारच का? त्याच्या आवाजात मत्सर होता. ड्रायव्हरने विचारलं, मग तुमची खुर्ची मी घेऊ का, तिला चाकं आहेत.
खरं कौतुक करावं तर हिशेबनीसांनीच. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून, मी त्यांच्या डाव्या हाताला. रोज त्यांना माझा अभ्यास, माझे बेत, पुढची पाटी कशी असेल ते सगळं सांगतो. ते हसतात आणि मान डोलावतात. एकदाही मध्ये तोंड घातलेलं नाही. माणूस पारखी आहे.

२६ फेब्रुवारी
आनंदाची बातमी. साहेबांनी बोलावून बसा म्हटलं. (आजवर उभाच असायचो.) म्हणाले, माणसांची वाटणी राहिली आहे, आम्ही दोघं बोललो की भांडण होतं, तुम्ही ती गटांची कोडी सोडवता म्हणे, तुम्हीच एक प्रस्ताव द्या. दोन्ही नव्या जागा लहान आहेत, प्रत्येकी दोन माणसं. तासाभराने मॅडमनीही तेच सांगितलं.
माणसं आम्ही पाच: टायपिस्टबाई, हिशेबनीस, ज्युनियर, ड्रायव्हर आणि मी. सरांना हे कळायला हवं होतं. ते वर्गात खोटे पाहुणे बसवतात, माझ्या हातात खरी माणसं आहेत.

४ मार्च
पहिल्या दोन अटी सोप्या. गाडी मॅडमची, म्हणून ड्रायव्हर मॅडमकडे. साहेबांचं अक्षर टायपिस्टबाईंशिवाय कुणाला लागत नाही, म्हणून त्या साहेबांकडे. राहिले हिशेबनीस आणि ज्युनियर. इथे माझं निरीक्षण कामी आलं.
टायपिस्टबाईंचा स्वभाव मला पाठ आहे. कुणाशी बिनसलं की त्या त्याच्याशी बोलणं टाकतात. माझ्याशी दोनदा टाकलं होतं. आता बघा: हिशेबनीसांशी त्या दिवसभरात एक शब्द बोलत नाहीत. काही सांगायचंच झालं तर चिठ्ठी सरकवतात, नाहीतर टेबलावर टकटक करतात. हिशेबनीसांचा फोन वाजला की तरातरा येऊन स्वतः उचलतात, त्यांना हात लावू देत नाहीत. बोलत नाहीत, म्हणजे बिनसलंय. जुनं आणि कडाक्याचं. पाचव्या इयत्तेतल्या पोरालाही कळेल.
अट तिसरी: टायपिस्टबाई आणि हिशेबनीस एका जागी नकोत.

६ मार्च
टायपिस्टबाईंना कुठून तरी कुणकुण लागली. डबा खायच्या वेळी माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, आम्हाला दोघांना एकत्रच ठेवा, एवढं करा. मी कारण विचारलं. म्हणाल्या, कारण नका विचारू. डोळ्यांत पाणी होतं. किती हा दीर्घद्वेष! नव्या जागेतही त्यांना त्या गरीब माणसाचा छळ करायचाय. मी म्हटलं, बघतो. हिशेबनीस शेजारीच होते. मी डोळ्यांनी त्यांना धीर दिला. ते हसले आणि मान डोलावली.

१० मार्च
प्रस्ताव तयार. रंगीत पेन्सिली कन्येच्या घेतल्या. (तिचा नकाशाचा सराव होता, पण तिचे समुद्र निळ्याशिवायही ओळखू येतात.)
साहेब: टायपिस्टबाई, ज्युनियर. मॅडम: ड्रायव्हर, हिशेबनीस.
ज्युनियरने कागद पाहून विचारलं, यात तुम्ही कुठे? पोरगं अजून कच्चं आहे. त्याला मोकळा गडी समजावून सांगितला. माझं नाव कुठल्याही एका रकान्यात घालणं म्हणजे दुसऱ्या बाजूवर अन्याय. दोघांनी मागावं, भांडावं, मग मी निर्णय देईन. तो म्हणाला, पण प्रत्येकी दोन झाले की हो. म्हटलं, ते तुझ्यासारख्यांसाठी.

११ मार्च
साहेबांनी कागद वाचला, छान म्हणाले. मग विचारलं, आणि तुम्ही? मी म्हटलं, मी कुठेही चालतो. ते म्हणाले, तुमचं ते कॉलेजचं पक्कं ना? मी म्हटलं, पक्कं म्हणजे काय, काळ्या दगडावरची रेघ. साहेबांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. मॅडमनीही हेच विचारलं आणि त्यांनाही हेच सांगितलं. दोघांनी सही केली. लग्नाच्या कागदानंतर दोघांचं एकमत झालेला हा दुसरा कागद, असं मॅडम म्हणाल्या.

१९ मार्च
सरावपरीक्षा. तर्कात वीसपैकी दोन. सरांनी थांबवून घेतलं. म्हणाले, तुम्ही 'बाहेर'चा रकाना अजून आखत नाही. मी सांगितलं की माझ्या पद्धतीने एका आख्ख्या ऑफिसची वाटणी झाली आहे आणि दोन वकिलांनी त्यावर सह्या केल्या आहेत. सरांनी खडू खाली ठेवला आणि फळा पुसायला घेतला. माझं म्हणणं पटलं असावं.

२ एप्रिल
अभ्यासाची रजा मागितली. साहेब म्हणाले, घ्या घ्या, हवी तेवढी घ्या. मॅडम म्हणाल्या, हवं तर अजून घ्या. हात मिळवला. ड्रायव्हरने खुर्चीचं परत विचारलं. हिशेबनीसांना म्हटलं, नव्या जागी सुखात राहा, तुमची पीडा मी टाळली आहे. हसून मान डोलावली. टायपिस्टबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. माझा नियम पुन्हा सिद्ध झाला.

३ एप्रिल
रजेचा पहिला दिवस. वेळापत्रक आखलं. अतिशय देखणं झालं. आखण्यात दिवस गेला.

८ एप्रिल
वेळापत्रक सुधारून आखलं. दुपारची झोप 'पुनरावलोकन' या सदरात घातली.

१४ एप्रिल
कन्येची परीक्षा संपली. स्वयंपाकघरातला दिवा बायकोनेच स्टुलावर चढून बदलला. मी तिला म्हणालो, सांगायचं नाही का? ती काही बोलली नाही. (बोलत नाही, म्हणजे? आत्ता वेळ नाही. परीक्षेनंतर पाहणे.)

२६ एप्रिल
परीक्षा झाली. पेपर सोपा. शेवटचं कोडं आठ उमेदवार आणि सहा जागांचं होतं. दोघं जास्त होत होते, पण मी कुणालाच नाराज केलं नाही. आठही जणांना बसवलं.
घरी येताना साइनबोर्डच्या दुकानात पाटीची अक्षरं पाहिली. पितळी चांगली दिसतात.

२८ एप्रिल, सकाळी १०
रजा संपवून कामावर. दरवाजा उघडाच. आत रंगारी. पार्टिशन गेलं, टेबलं गेली, कपाटांच्या जागी भिंतीवर पांढरे चौकोन. हलवाहलव गेल्याच आठवड्यात झाली म्हणे. मधोमध दोनच वस्तू: किटली आणि माझी खुर्ची. खुर्चीची चाकं कुणीतरी काढून नेली आहेत.
अर्थ उघड आहे. ज्या वस्तूंवरून दोघांचं भांडण मिटलं नाही त्या इथेच ठेवल्या. किटली आणि मी.
रंगाऱ्याने विचारलं, ही भंगारात द्यायची का? मी खुर्चीवर बसून राहिलो. मग त्याला ती भिंत रंगवायची होती म्हणून उठलो.

२८ एप्रिल, दुपार
साहेबांच्या नव्या जागेत गेलो. छोटी खोली, दोन टेबलं. ज्युनियर उठून उभा राहिला, टायपिस्टबाई उठल्या नाहीत. साहेब म्हणाले, या या विद्यार्थी! आम्हाला विसरू नका मोठे झालात की. मी बसायला जागा पाहत होतो. तिसरी खुर्ची नव्हती. साहेब म्हणाले, निकाल लागला की कळवा.
मॅडमकडेही तेच. फक्त त्या म्हणाल्या, उन्हातून आलात, पाणी घ्या. ग्लास ड्रायव्हरने पुढे केला.
संकल्प: निकालापर्यंत बायकोला काही न सांगणे. तिला उगाच काळजी लागेल.

४ मे
रोज नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघतो. कुठे जायचं हा प्रश्न नाही, शहर मोठं आहे. बागेतला बाक सकाळी बरा असतो, अकरानंतर ऊन येतं. कन्येचा निकाल. बाकी सगळं ठीक, भूगोलात घसरली. तिने कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

२० मे
निकाल. वाचन बरं. भाषा बरी. कायद्याची जाण पुष्कळच बरी. तर्क: वीसपैकी शून्य. चुकीच्या उत्तराला गुण कापतात हे कुणी ठळक अक्षरांत लिहिलं नव्हतं. प्रत्येक भागात किमान गुण हवेत, नसतील तर बाकीचे तपासून उपयोग नाही.
तपासनिसाची चूक असणार. फेरतपासणीचा अर्ज करणे. अर्ज लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

२१ मे
अर्ज करायचा नाही असं ठरवलं. एका कॉलेजच्या मागे किती लागायचं? मॅडमना भेटून सांगणार की कॉलेजचा विचार मी तूर्त पुढे ढकलला आहे. ऑफिसात अनुभवी माणूस हवाच असतो.

२३ मे
मॅडमकडे गेलो आणि नशीब उघडल्यासारखं वाटलं. दोन टेबलांपैकी एक रिकामं! ड्रायव्हर म्हणाला, हिशेबनीसांना गेल्या आठवड्यात काढलं. कोर्टातून तारीख बदलल्याचा फोन आला होता, त्यांनी तो घेतलाच नाही. समोर वाजत होता आणि हे खाली मान घालून आकडे लिहीत होते. तारीख चुकली, एका बाईंचं मूल त्यांच्या नवऱ्याकडे गेलं. मॅडमनी चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांना डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि उजव्याने जेमतेम. कित्येक वर्षं.
मला त्या बाईंचं वाईट वाटलं. मुलाचं वाईट वाटलं. हिशेबनीसांचंही. मग मी मॅडमना म्हटलं की मी ही जागा घ्यायला तयार आहे. मॅडम म्हणाल्या, हिशेब आता बाहेरून करून घेते, परवडतं. आणि तुमचं तर कॉलेज आहे ना?
मी हो म्हटलं.

२५ मे
साहेबांकडे शेवटचा प्रयत्न. साहेब कोर्टात. टायपिस्टबाई एकट्याच होत्या. इतक्या दिवसांनी माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, त्यांना ऐकू येत नाही हे मी कुणाला कळू दिलं नव्हतं. फोन मी घ्यायचे, निरोप चिठ्ठीवर द्यायचे. एकत्र ठेवा म्हणून तुमच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं मी. कारण सांगितलं असतं तर तुम्ही संध्याकाळपर्यंत गावभर केलं असतंत, म्हणून नाही सांगितलं. एवढं बोलून त्या टाइप करायला लागल्या.
मी म्हणणार होतो की माझा तर्क बरोबरच होता, माहिती अपुरी होती. ओठापर्यंत आलं होतं. गिळून टाकलं.
म्हणजे टँकर फुटला होता. आणि मी इतकी वर्षं डाव्या बाजूला बसून सगळं सांगत होतो.

१ जून
बायकोने दुकानात जादा तास घेतले. कारण मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. फक्त सकाळी डबा देताना म्हणाली, बागेत बसत जाऊ नका, ऊन फार आहे, वाचनालयात पंखे आहेत.
हॉलमध्ये टीव्ही सुरू झाला आहे. मी स्वयंपाकघरात बसतो. नवा दिवा चांगला आहे.

४ जून
वाचनालय. प्रशस्त खोली, लांब टेबलं, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. भिंतीवर पाटीच आहे शांततेची. कोड्यांचं पुस्तक उघडलं, सवय म्हणून. आठ उमेदवार, सहा जागा. पहिल्यांदाच तिसरा रकाना आखला. त्यात कोण येतं ते पाहिलं आणि बाकीचं कोडं खरंच आपोआप सुटलं. पाठीमागचं उत्तर ताडून पाहिलं. बरोबर. पुस्तक मिटलं.
वर पाहिलं तर समोरच्या खिडकीपाशी हिशेबनीस. टेबलावर डबा. माझ्याचसारखा घरातून वेळेवर निघालेला माणूस.
मला पाहून इतके आनंदले की उठून शेजारी आले. मी त्यांच्या डाव्या बाजूला, इतक्या वर्षांच्या सवयीने. त्यांनी विचारलं, तुमचं कॉलेज कधी सुरू? ज्यांना ऐकू येत नाही त्यांना आपला आवाज केवढा आहे तेही कळत नाही. सगळ्या खोलीने माना वळवल्या. मी हळू आवाजात सांगितलं की कॉलेज नाही. ते हसले, मान डोलावली आणि म्हणाले, वा! कधी सुरू? मी परत सांगितलं. त्यांनी परत विचारलं, आणखी मोठ्याने. शेवटी मी उठलो, त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, नापास झालो! शून्य मिळालं! नोकरीही गेली!
इतक्या दिवसांत हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं. कुणीतरी मागच्या टेबलावर हसलं. ग्रंथपालबाई आल्या आणि दोघांनाही बाहेर काढलं.
पायऱ्यांवर बसून डबे उघडले. हिशेबनीसांनी आधी डब्याचं झाकण पुसलं. मग म्हणाले, बरं झालं तुम्ही भेटलात, एकट्याने दिवस सरत नाही. त्यांना ठाऊक नाही की तो प्रस्ताव मी केला होता. की असेल ठाऊक? विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी आपल्या डब्यातलं निम्मं माझ्या झाकणावर काढून दिलं. म्हणाले, उद्या लवकर या, बाई रागावलेल्या असतील पण आत घेतात, मी खिडकीजवळची जागा तुमच्यासाठी धरून ठेवतो.
संकल्प: उद्या त्यांच्या उजव्या बाजूला बसणे.